आमच्या सह्या

कॉलेज सुटून चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली की वर्गातली मुलं सापडतात, मुली सापडत नाहीत. कुणीतरी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढतं, हजेरीच्या क्रमाने नावं आठवत बसतं. मुलांची नावं दुकानाच्या पाटीवर, पतसंस्थेच्या अहवालात जशीच्या तशी भेटतात. मुलींसाठी माहेरच्या शेजाऱ्यांकडे चौकशी करावी लागते, आणि त्या गल्लीत आता अपार्टमेंट उभं असतं. लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, की कित्येकींचं पहिलं, मधलं आणि आडनाव, तिन्ही एका दमात बदलत. पदवी तेवढी जुन्या नावाची राहिली. पुढे पासपोर्ट काढताना प्रतिज्ञापत्र करून ‘ती मीच’ हे सरकारला सांगावं लागलं. ग्रुपवर आम्ही सगळ्या कंसात माहेरचं आडनाव लिहितो, म्हणजे ओळख पटते.

मी सांगलीची. विश्रामबागेतलं विलिंग्डन कॉलेज १९१९ सालचं. पण आमच्यासारख्या घरांतल्या मुलींचं शिक्षण सोपं झालं ते १९६२ मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ आल्यावर, असं मला वाटतं. विद्यापीठ जवळ आलं, गावोगाव कॉलेजं निघाली, आणि मुलीला परगावी ठेवण्याचा प्रश्न सुटला. मिरज, तासगाव, आष्टा, जयसिंगपूर इकडून मुली एसटीच्या पासावर यायच्या. फीत ईबीसीची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांची, सवलत असायची. दोन तासांच्या मधे लेडीज रूममध्ये बसायचं, डबे तिथेच उघडायचे, एकमेकींच्या वह्या उतरवायच्या. घरचे म्हणत, ‘लग्न ठरेपर्यंत शिकू दे.’ हे आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की त्यात काही खटकायचंही नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आम्ही पदवीधर झालो. पदवीदान समारंभाला फारशा कुणी गेल्या नाहीत. कुणाचं लग्न झालं होतं, कुणाला पाहायला येणार होते.

ज्यांनी नोकरी केली त्यांतल्या बऱ्याच जणी बँकेत लागल्या. १९६९ साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि तालुक्याच्या गावांतही शाखा निघू लागल्या. लेखी परीक्षा, मुलाखत, आणि वशिल्याशिवाय नोकरी. या एका गोष्टीने मध्यमवर्गीय मराठी घरांचं अर्थकारण किती बदललं याचा हिशेब अजून कुणी नीट मांडलेला नाही. मुंबई-पुण्यातले किती फ्लॅट या मुलींच्या पगारावर आणि बँकेच्या कमी व्याजाच्या गृहकर्जावर उभे राहिले! तेव्हा बाळंतपणाची रजा सुमारे तीन महिन्यांची असे. त्यानंतर तान्हं मूल पाळणाघरात किंवा सासूबाईंकडे ठेवून काउंटरवर उभं राहायचं, दुपारी दूध दाटून ब्लाउज ओला व्हायचा, आणि खिडकीपलीकडचा खातेदार पासबुक पुढे सरकवत घाई करायचा. हे आम्ही कुणालाच सांगितलं नाही. सांगण्यासारखं वाटलंच नाही.

पण मला थांबायचं आहे ते प्रमोशनपाशी. क्लार्कचं ऑफिसर झालं की बदली आलीच. परजिल्ह्यात, कधी परराज्यात. माझ्या माहितीत अशा बायका आहेत ज्यांनी स्वयंपाक आवरून रात्री अकरानंतर अभ्यास केला, सीएआयआयबीसारखी बँकिंगची अवघड परीक्षा पास केली, आणि प्रमोशनची पाळी आली तेव्हा ‘मला नको’ असं लिहून खाली सही केली. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. ज्यांना त्यांनी काम शिकवलं ती मुलं पुढे त्यांचीच मॅनेजर होऊन आली. आज विचारलं तर त्या शांतपणे सांगतात, ‘मुलांची दहावी होती’, ‘यांचा धंदा इथे होता’, ‘मामंजींना अर्धांगवायू झाला होता’. सगळं खरं आहे. नवऱ्याने बदली स्वीकारली तेव्हाही मुलांची दहावी होती, हेही तितकंच खरं आहे. त्यांच्या त्या ‘नको’ला समाधान म्हणायला मी तयार नाही. त्यांच्यापुढे दुसरा कागद कुणी ठेवलाच नव्हता.

नोकरी न केलेल्यांचं तर बोलायलाच नको, इतकं कमी त्या स्वतःबद्दल बोलतात. ‘मी काय, घरीच होते.’ घरी होत्या म्हणजे रसायनशास्त्राची पदवी घेऊन नवऱ्याच्या दवाखान्याचे हिशेब तीस वर्षं सांभाळत होत्या, गल्लीतल्या दोन पिढ्यांना गणित शिकवत होत्या. फीसुद्धा संकोचाने मागत.

इथे मला शास्त्रज्ञ कमला सोहोनी आठवतात. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला १९३३ साली पहिल्या आलेल्या, लेखिका दुर्गा भागवतांच्या धाकट्या भगिनी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा अटी घालून घेतलं. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. मला सर्वांत मोठी वाटते ती त्यांची आणखी एक गोष्ट. पुष्कळ वर्षांनी, वय झाल्यावर, त्यांनी तो अपमान जाहीरपणे सांगितला. रामन यांचं मोठेपण मान्य करून सांगितला. ‘जाऊ दे, झालं गेलं’ म्हटलं नाही. आम्हाला हे जमलेलं नाही. आम्ही सगळ्याला ‘जाऊ दे’ म्हणत आलो.

‘जाऊ दे’ म्हणत केलेली आणखी एक सही म्हणजे हक्कसोडपत्र. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, पण लग्न झालेल्या मुलींना वगळून. आमची लग्नं तोवर होऊन गेली होती. ती अट २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने गेली. पण त्याआधीही वडील वारले की त्यांच्या हिश्शात मुलीचा वाटा होताच, आणि म्हणूनच भाऊ गाडी घेऊन न्यायला येत. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बाकावर बसायचं, वहिनीने आणलेला चहा प्यायचा, दाखवतील तिथे सही करायची, साडी घेऊन परतायचं. ‘माहेर तुटायला नको’ या धाकापुढे पदवीचा काही उपयोग झाला नाही. आमच्या आज्या अंगठा उठवत होत्या, आम्ही वळणदार सही केली. कागद तोच होता. याचं मला आजही वाईट वाटतं आणि रागही येतो.

मराठीत बायकांनी मागे वळून पाहिलं नाही असं नाही. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० सालच्या. लक्ष्मीबाई टिळक शाळेत न जाता ‘स्मृतिचित्रे’ लिहून गेल्या. सुनीता देशपांड्यांनी १९९० मध्ये ‘आहे मनोहर तरी’ लिहून आपल्या संसाराचा चोख हिशेब मांडला, त्यावर केवढी चर्चा झाली! पण नाव मोठं नसलेल्या, तालुक्याच्या कॉलेजातून बी.ए., बी.कॉम. झालेल्या हजारो बायकांचं काय? त्यांचं लिहिलेलं मला फार थोडं सापडलं. त्या आता पासष्टी-सत्तरीत आहेत. गुडघे दुखतात, स्मरण अजून शाबूत आहे.

मैत्रिणींनो, गेट-टुगेदरला साड्या एका रंगाच्या नेसूया, गाणीही म्हणूया. पण घरी परत आलात की एक वही काढा. आपण सुखी होतो का, हे लिहू नका. ते सगळ्याच लिहितात. कॉलेजची फी कुणी भरली ते लिहा. पहिला पगार किती होता आणि तो कुणाच्या हातात दिला ते लिहा. प्रमोशन कितव्यांदा नाकारलं, त्या रात्री घरात कोण काय बोललं ते लिहा. आणि हक्कसोडपत्रावर सही केली असेल, तर कोणत्या साली, कुणाच्या सांगण्यावरून केली, तेही लिहा.