परसदार

तुमच्या लक्षात आले असेल, गणपतीपुढे सर्वांत खणखणीत आवाजात आरती म्हणणाऱ्या पोराला तिच्यातल्या निम्म्या शब्दांचा अर्थ ठाऊक नसतो. उरलेले निम्मे ते चुकीचे म्हणत असते. पण चाल मात्र बिनचूक! मला वाटते, भाषेच्या घरात शिरायला दोन दारे असतात. पुढचे दार बोलण्याचे, परसदार गाण्याचे. पुढचे दार बंद झाले तरी परसदार पुष्कळदा नुसते लोटलेले असते.

हा विचार मला सुचला तो ॲरिझोनातल्या टूसॉन गावी. मुलाकडे गेलो होतो. गाव वाळवंटातले, मेक्सिकोची सरहद्द शंभरएक किलोमीटरवर. मोटारीत मुलाने एक गाणे लावले. व्हायोलिने आणि ट्रम्पेट यांच्या गजरातून एका बाईचा आवाज असा काही वर चढला, की बाहेरचे ऊन मी विसरलो. ‘कोण हो ही?’ मी विचारले. ‘आमच्या गावची आहे,’ चिरंजीव अभिमानाने उत्तरले; जणू सात पिढ्या टूसॉनलाच नांदत आहेत!

ती लिंडा रॉनस्टॅट. जन्म १९४६चा, याच गावातला. तिचे आजोबा मेक्सिकोतल्या सोनोरा प्रांतातल्या बनामिची गावचे. टूसॉनला येऊन ते गाड्या बांधू लागले आणि हौसेने एक बँडही चालवू लागले. त्यांची मुलगी लुइसा, म्हणजे लिंडाची आत्या, रंगभूमीवर गाई. वडिलांकडून आलेल्या गाण्यांचे तिने एक पुस्तक केले. त्याचे नाव ‘कान्सिओनेस दे मी पाद्रे’, म्हणजे ‘माझ्या वडिलांची गाणी’. तेही १९४६ सालीच निघाले. घरात बोलणे इंग्रजीत आणि गाणे स्पॅनिशमध्ये, असा रॉनस्टॅटांचा रिवाज. जगात सगळीकडे असेच असते, असे लहानपणी लिंडाला वाटे म्हणतात!

पुढे १९७०च्या दशकात रॉक गाणारी म्हणून अमेरिकेने तिला डोक्यावर घेतले. आणि १९८७ साली, स्पॅनिश सफाईने बोलता येत नसताना, तिने आत्याच्या पुस्तकाचेच नाव देऊन संपूर्ण स्पॅनिश गाण्यांची तबकडी काढली. साथीला मेक्सिकोतला नामांकित मारिआची ताफा, वर्गास दे तेकालित्लान. त्यातले गिटार्रोन हे वाद्य मोठे गमतीचे: पोट एवढे सुटलेले, की वादक त्याला कवेत घेऊन बसला आहे असे वाटावे. एका अमेरिकेतच त्या तबकडीच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या.

तिच्याआधी याच परसदाराने एक पोरगा आत शिरला होता. रिची व्हॅलेन्स, खरे आडनाव व्हॅलेन्झुएला, लॉस एंजेलिसमधल्या पाकोइमाचा. त्यालाही स्पॅनिश धड येत नव्हती. व्हेराक्रूझकडे वीणेसारख्या हार्पवर आणि छोट्या हाराना गिटारवर वाजणारे ‘ला बाम्बा’ हे लोकगीत त्याने १९५८ साली विजेच्या गिटारवर चढवले आणि रॉकमध्ये आणून सोडले. ३ फेब्रुवारी १९५९ला विमान कोसळून तो गेला. वय अवघे सतरा. त्याच्यावरच्या चित्रपटासाठी लॉस लोबोस या मंडळींनी तेच गाणे पुन्हा गायिले, आणि १९८७ साली ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. शेवटी विजेची वाद्ये थांबतात आणि नुसती जुनी लाकडी वाद्ये वाजत राहतात. जणू माहेरवाशीण शहरातून निघाली आणि चालत चालत माहेरच्या अंगणात आली.

माझी नात माझ्याशी इंग्रजीत बोलते. मी मराठीत उत्तर देतो. दोघांनाही अर्धेमुर्धे कळते. पण तिच्या आजीची अंगाई ती बाहुलीला म्हणते, आणि तिच्यातला एक हेल, आजी गेल्यापासून मी दुसऱ्या कुणाच्या तोंडी ऐकला नव्हता. या पोरीकडे मराठी उरेल का, हे मला ठाऊक नाही. हेल मात्र उरला आहे.

आजाराने लिंडाचा गळा हिरावून घेतला. २००९ साली तिने अखेरची मैफल केली. आपल्याला आता गाता येत नाही, हे २०१३ साली तिने जगाला सांगितले. पण गोष्ट इथे संपत नाही. २०१९ साली ती कॅलिफोर्नियातल्या सेन्झोन्त्लेस या संस्थेच्या पोरांना बसमधून आजोबांच्या बनामिचीला घेऊन गेली. मेक्सिकन रक्ताची, अमेरिकेत वाढलेली ही पोरे. त्यांनी त्या गावात गाणी म्हटली, नाच केला. लिंडा ऐकत होती. आजोबा ज्या गावाहून गाणी घेऊन निघाले होते, त्याच गावी ती नव्या गळ्यांतून परत आली होती.