गाडी थांबते कशी

आमच्याकडं 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं छाती फुगवून म्हणतात आणि 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' हेही त्याच तोंडानं म्हणतात. जर्मनीत पोर्शे बनते. परभणीत मी ती पाहिली ती कॅलेंडरवर. उस्तादांनी गॅरेजच्या भिंतीला लावलेलं ते कॅलेंडर साल उलटलं तरी उतरलं नाही. कागद पिवळा पडला, तारखांवर ग्रीसचे ठसे उठले, गाडी मात्र लालच राहिली. माझ्या उमेदीच्या काळात इथं चारचाकी म्हणजे ॲम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी आणि सरकारी जीप. वेगाची हौस ज्याला होती त्यानं ती दोन चाकांवर भागवली. म्हणून 'स्पोर्ट्स कार' ऐकलं की माझ्या डोळ्यापुढं येतात त्या येझदी, बुलेट, राजदूत 350 आणि आरएक्स 100.

या चौघींची तुलना करायची पाळी गेल्या हिवाळ्यात आली. गंगाखेडचा एक पोरगा गॅरेजवर आला. नोकरी परभणीत, कृषी विद्यापीठाच्या बाजूला. रोज चाळीसेक किलोमीटर यायचं आणि तेवढंच जायचं.

"काका, जुनीच घ्यायचीय. रोज चालवायला यातली कोणती घ्यावी म्हणता?"

आकडे त्याला तोंडपाठ होते. राजदूत 350 चं हाय टॉर्क मॉडेल 30.5 हॉर्सपॉवरचं, लो टॉर्क 27 चं. येझदीची रोडकिंग 16 ची, आरएक्स 11 ची. सगळं बरोबर सांगितलं त्यानं. मी त्याला स्टूल दिलं आणि चहा सांगितला. आकडे बरोबर असणाऱ्या माणसाला समजवायला वेळ लागतो.

मी गॅरेजमध्ये आलो तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. पहिलं वर्षभर उस्तादांनी मला फक्त प्लग काढायला आणि पुसायला लावलं. पुसायच्या आधी तो त्यांना दाखवायचा. टोक तपकिरी असलं तर गाडीची तब्येत ठीक, काळं आणि ओलं असलं तर पेट्रोल जास्त होतंय, पांढरं पडलं असलं तर इंजिन आतून तापतंय. गिऱ्हाईक गाडीबद्दल काय वाटेल ते सांगो, उस्ताद प्लगचं ऐकायचे. एकदा मी त्यांना विचारलं होतं, यातली सगळ्यात चांगली गाडी कोणती? ते म्हणाले, "चलती कैसी, ये सबीच पूछते. रुकती कैसी, वो देख."

तेव्हा मला वाटलं, ब्रेकबद्दल बोलतायत. पुढं कळलं की प्रत्येक जुनी गाडी कधी ना कधी रस्त्यात थांबते, आणि ती कुठं, कशानं थांबते आणि पुन्हा चालू कोण करतं, यावर रोजचा प्रवास ठरतो. रविवारी हौसेनं काढलेली गाडी बंद पडली तर ती गंमत असते. सोमवारी नऊ वाजता पोखर्णीच्या अलीकडं बंद पडली तर अर्धा दिवस बुडतो.

येझदीपासून सुरुवात केली, कारण माझा हात तिच्यावर बसला. मूळची ही चेकोस्लोव्हाकियाची जावा. मैसूरच्या आयडियल जावा कंपनीनं ती इथं बनवली, पुढं येझदी नाव दिलं, 1978 मध्ये रोडकिंग आणली आणि 1996 मध्ये कारखाना बंद झाला. दोन सायलेन्सर बघून लोक तिला डबल सिलिंडर समजतात. सिलिंडर एकच, अडीचशे सीसीचा. धूर तेवढा दोन वाटांनी बाहेर पडतो. किक आणि गिअरचा दांडा एकच. तो आत दाबून वर फिरवला की किक, सोडून पुढं आणला की गिअर. नवखा माणूस किक शोधत गाडीभोवती दोन फेऱ्या मारतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पण तिची खरी करामत क्लचमध्ये आहे. गिअरचा दांडा पायानं दाबला की आतल्या आत क्लच आपोआप उचलला जातो. एकदा गंगाखेड रोडला माझ्या गाडीची क्लचवायर तुटली. जुनी झालेली वायर मीच 'अजून महिनाभर चालेल' म्हणून ठेवली होती. तिथून घरापर्यंत डावा हात मोकळा ठेवून आलो. गिअर दाबून धरायचा, थोडी रेस द्यायची आणि पाय हळूहळू सोडायचा, गाडी निघते. दुसऱ्या गाडीवर असतो तर ढकलत आलो असतो.

ती थांबते बहुतेक पॉइंटवर. पॉइंट काजळतात किंवा त्यांच्यातली फट बदलते, आणि स्पार्क मरतो. फट साधारण 0.4 मिलिमीटर लागते. गेज जवळ नसलं तर सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा चालतो. काजळी खरवडायला काडेपेटीची मसाल्याची बाजू. म्हणजे दुरुस्तीचं सामान पानटपरीवर मिळतं, आणि परभणी जिल्ह्यात पानटपरी नाही असा फाटा मला तरी ठाऊक नाही. कंडेन्सर गेला तर मात्र पुठ्ठा कामाचा नाही. म्हणून एक कंडेन्सर सीटखाली हवाच, नवा नसला तरी चालेल, पण चालवून बघितलेला.

तिच्यात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं. इथं माणसाची परीक्षा होते. ऑइल विसरला किंवा काटकसर केली की पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. जिंतूरकडच्या टेकड्यांच्या उतारावर रेस पूर्ण बंद करून गाडी गिअरमध्ये सोडली की इंजिन जोरात फिरतं, पण पेट्रोल आत जात नाही, म्हणजे ऑइलही जात नाही. चढावर न धरणारा पिस्टन उतारावर धरतो. आमच्याकडं असे पिस्टन आले की उस्ताद नुसतं विचारायचे, "जिंतूर गये थे क्या?"

बुलेटचं वेगळं. 1955 पासून मद्रासला बनणारी ही गाडी मुळात इंग्लंडची. 346 सीसी, 70 चा बोअर, 90 चा स्ट्रोक. पिस्टनचा प्रवास लांब, म्हणून ठोका संथ आणि ओढ खालूनच. जुन्या बुलेटला सुरू करणं हा विधी होता. चावी लावून किक हळूहळू दाबायची, ॲमीटरचा काटा मध्यावर आला की थांबायचं, डिकॉम्प्रेसरची छोटी दांडी ओढून पिस्टन वरच्या टोकापुढं नेमका ढकलायचा आणि मग पूर्ण किक मारायची. घाई केली की ती किक परत फेकते आणि पोटरी आठवडाभर बोलते. डिसेंबरात परभणीचा पारा उतरतो तेव्हा सकाळी चांगले धिप्पाड गडी अंगणात बुलेटपुढं हात जोडल्यासारखे उभे दिसायचे.

थांबण्याच्या बाबतीत तिच्याइतकी सभ्य गाडी नाही. पंधरा दिवस आधी नोटीस देते. टॅपेट वाजतो, ऑइल ठिबकतं, ठोक्यात एक खोकला येतो. ऐकणारा असला तर ती रस्त्यात सहसा थांबत नाही. न ऐकणाऱ्यानं दीडशे किलोच्या वरचं धूड मे महिन्याच्या उन्हात ढकलून बघावं.

तिची अडचण पायात आहे. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. येझदीचं बरोबर उलटं. ज्या घरात दोन्ही गाड्या, तिथं रोजचं संकट. बुलेटवर वाढलेले एक गुरुजी मेव्हण्याची येझदी घेऊन निघाले. रेल्वे फाटक बंद दिसलं तसं त्यांनी सवयीनं डावा पाय दाबला. गाडी थांबली नाही, तिचा गिअर बदलला. फाटकाशेजारच्या रसवंतीवाल्यानं उसाच्या मोळ्या रचून ठेवल्या होत्या म्हणून गुरुजी वाचले. ते दुरुस्तीला आले तेव्हा गाडीपेक्षा मेव्हण्याची तक्रार जास्त होती.

राजदूत 350 बद्दल बोलायला लागलो तसा पोरगा स्टुलावर पुढं सरकला. सगळे सरकतात. 1983 ला एस्कॉर्ट्सनं ती आणली, यामाहाच्या आरडी 350 वरून. त्याच वर्षी 'हीरो' सिनेमात जॅकी श्रॉफ तिच्यावर बसला, आणि इकडं कापसाचे पैसे हातात आलेल्या मानवत-सेलूच्या पोरांची झोप उडाली. 347 सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर, ऑइलची टाकी वेगळी आणि ते आपोआप ओढणारा पंप. ठरावीक आरपीएमच्या पुढं गेली की मागून कोणीतरी ढकलल्यासारखी सुटायची. ॲव्हरेज विचारणारा माणूस तिच्या लायकीचा नाही असं समजलं जायचं. ते वीस-पंचवीसच्या पुढं गेलेलं मी पाहिलं नाही.

दोन सिलिंडर म्हणजे दोन कार्बोरेटर, दोन पॉइंट, दोन प्लग. दोन बैल एका जुवाखाली सारख्या चालीनं चालवायचं काम. मी रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून दोन्हींचा श्वास ऐकायचो. आवाज सारखा होईपर्यंत स्क्रू पाव-पाव आटा फिरवायचा. चांगला लागला की इंजिन असं फिरतं की टाकीवर ठेवलेला चहाचा कप... नाही, कप सांडायचाच, पण जरा कमी. ही गाडी थांबते तीही अर्धी. एक सिलिंडर मरतो, दुसरा ओढत राहतो, आणि चालवणाऱ्याला वाटतं आज वारा उलटा आहे. तशीच लंगडी दामटली की काम दुप्पट होतं.

आणि ब्रेक. जपानी आरडीला पुढं डिस्क होता, इथल्या राजदूतला ड्रम आला. तिचा ब्रेक चांगला असतो तेव्हाही मी त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत नाही, कारण तो मीच बांधलेला असतो. एकदा नव्या लायनरला माझं ग्रीसचं बोट लागलं. पुसलं, पेट्रोलनं धुतलं नाही, आणि ट्रायलला पाथरी रोडला गेलो. पुढं कापसाची बैलगाडी, मी लिव्हर दाबतोय आणि ब्रेक हसतोय. मी शेतात उतरलो. काळ्या मातीनं चाक धरलं आणि मला सोडलं. उस्तादांनी माझं कोपर बघितलं नाही. आधी ड्रम उघडला, लायनरचा वास घेतला आणि तो माझ्या हातात दिला. त्या दिवसापासून ब्रेकच्या कामाआधी मी साबणानं हात धुतो. गिऱ्हाइकांना वाटतं मिस्त्रीला स्वच्छतेचं वेड आहे.

आरएक्स 100 बद्दल फार सांगत बसलो नाही. 1985 ते 1996, 98 सीसी, वजन शंभर किलोच्या आसपास, म्हणून 11 हॉर्सपॉवरसुद्धा तिला पुरून उरते. पाव किकमध्ये चालू. चारही गाड्यांत रोजच्या धावपळीला सगळ्यात सोयीची तीच होती. 'होती' म्हणतो, कारण आज ती थांबते ती चोरामुळं. बाहेर लावून ऑफिसात बसलेल्या माणसाचं लक्ष फायलीत नसतं. आणि ओरिजिनल म्हणून विकले जाणारे पार्ट नखानं खरवडले की रंग निघतो.

खरं तर पोराच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर पाचवंच होतं. 1985 ला हिरो होंडाची सीडी 100 आली. फोर-स्ट्रोक, पेट्रोलचा वास घेऊन चालणारी. तिनं आमच्या गॅरेजसमोरची गर्दी निम्म्यावर आणली. मी ते नाव घेतलं तसा पोरगा खाली बघून हसला. लग्नाला आलेल्या मुलाला बाईनं भाचीऐवजी मावशी दाखवावी तसं.

जुन्या गाड्यांच्या दुखण्यात आता नवी भर पडलीय ती इथेनॉलची. 2023 पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं. जुन्या कार्बोरेटरमधली रबरं आणि नळ्या त्यानं फुगतात. इथेनॉल स्वतः ऑक्सिजन घेऊन येतं, म्हणून मिश्रण हलकं पडतं, प्लग पांढरा दिसतो आणि टू-स्ट्रोक तापते. जेट एखादा नंबर मोठा टाकावा लागतो. गोदाकाठचा ऊस आपल्याच येझदीचा पिस्टन धरायला येईल, हे उस्तादांना सांगितलं असतं तर ते खूप हसले असते.

चहा संपला. "मग कोणती, काका?" पोरानं पुन्हा विचारलं.

मी त्याला रविवारी सकाळी बोलावलं. कोपऱ्यातली माझी येझदी बाहेर काढून ठेवली होती. त्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर, सिगारेटचं रिकामं पाकीट आणि काडेपेटी दिली. पॉइंट लाव म्हटलं आणि मी समोरच्या टपरीवर जाऊन बसलो. त्याला पाऊण तास लागला. बोटं काळी, कपाळावर काळा पट्टा. मी जाऊन फट बघितली. पुठ्ठा दाटून सरकत होता, जसा सरकायला पाहिजे तसा.

त्यानं किक मारली. नाही. दहा-बारा किका झाल्या, घाम आला. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी टपरीवाल्याशी बोलत राहिलो. मग त्यानं प्लग काढला, टोक उन्हात धरून बघितलं आणि म्हणाला, "कोरडा आहे." थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग वाकून टाकीपासून नळीवरनं बोट फिरवत खाली आला आणि पेट्रोलच्या कॉकवर थांबला. कॉक बंद होता. रात्री कार्बोरेटरचा बाऊल रिकामा करून मीच तो बंद केला होता.