सूर्य मावळण्यापूर्वी

वसई सोडून नोकरीनिमित्त आम्ही खटाव तालुक्यातील वडूज येथे बिऱ्हाड केले, तेव्हा सहनशीलता आपल्या अंगी पुरेशी आहे, अशी आमची प्रामाणिक समजूत होती. एके दिवशी हंडाभर पाण्याबरोबर ती सांडली.

तो दिवस ८ सप्टेंबरचा, पवित्र मरियेच्या जन्मसणाचा. वसईत त्या दिवशी चर्चमध्ये फुलांची नि लेकरांची दाटी असते. इथे मिस्सेसाठीही एसटीने दूर जावे लागे. त्या वर्षी पावसाने पाठ फिरविली होती. येरळेचे पात्र कोरडे होते आणि आमच्या वस्तीला पाणी टँकरचे. दोन तास रांगेत उभे राहून मिळविलेला हंडा आमच्या दहा वर्षांच्या मुलाच्या हातून उंबऱ्यावर निसटला. आम्ही त्याला मारले नाही, एवढेच. जे बोललो, ते मारापेक्षा वाईट होते.

संध्याकाळी रोझरीला तो भिंतीकडे तोंड करून बसला. प्रभूची प्रार्थना म्हणताना क्षमेच्या मागणीपाशी आमचा आवाज अडखळला. राग सूर्यास्तापलीकडे नेऊ नये, असे संत पौलाने इफिसकरांना बजावले आहे. सूर्य तर केव्हाच मावळला होता! तरीही अहंकार म्हणाला, बापाने लेकराची क्षमा मागायची म्हणजे काय? रात्री सौ. एवढेच बोलल्या, “टँकरवाल्यापुढे मात्र तुम्ही किती शांत होता!”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हुतात्मा स्मारकापाशी गेलो. ९ सप्टेंबर १९४२ रोजी परशुराम घार्गे यांच्या नेतृत्वाखाली लोक तिरंगा घेऊन वडूजच्या कचेरीवर चालून आले आणि पोलिसांच्या गोळीबारात नऊ जणांनी प्राण वेचले. त्यांना राग नव्हता काय? पारतंत्र्याचा राग होता, म्हणून तर ते घर सोडून निघाले. परंतु त्यांनी रागाच्या हाती झेंडा दिला आणि त्याला घेऊन ते बलवानापुढे उभे राहिले. आम्ही बलवानापुढे गिळलेला राग घरातल्या सर्वांत लहान माणसावर ओतला होता. ज्याला आम्ही सहनशीलता म्हणत होतो, ती निव्वळ भीती होती.

वाचकहो, प्रभू येशूही रागावला. मंदिरातील व्यापाऱ्यांची चौरंगे त्याने उलथून टाकली. पण स्वतःच्या अपमानासाठी त्याने हात उगारला नाही. राग कोणासाठी आणि कोणावर, हे पारखण्याएवढा वेळ स्वतःला देणे, हीच सहनशीलतेची पहिली पायरी असावी. संत फ्रान्सिस द सेल्स यांचा स्वभावही मुळात तापट होता. सौम्यता त्यांना वर्षानुवर्षांच्या साधनेने लाभली, हे आठवून आम्हांस धीर येतो.

त्या संध्याकाळी ऊन भिंतीवर असतानाच आम्ही मुलाजवळ बसलो आणि म्हणालो, “बाळा, काल आमचे चुकले.” तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “उद्या हंडा मी एकटा उचलणार नाही, बाबा. दुसरी बाजू तुम्ही धरा.”

दुसऱ्या दिवशी दोघांनी धरला. पाणी थोडे सांडलेच. आम्ही काही बोललो नाही.