पायगुण

सन १९७२ च्या वैशाखात मी सून होऊन भालकी तालुक्यातील आमच्या घरी आले. त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली आणि मार्गशीर्षातच परसातील विहिरीने तळ गाठला. "सून आली अन् विहीर आटली," असे ओट्यावर कुणीतरी म्हणाले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. परंतु ते बोलणे त्यांनी खोडूनही काढले नाही. त्यांचे ते मौन मी पन्नास वर्षे उराशी बाळगले.

गेल्या दिवाळीत बंगळूरला पदार्थविज्ञान शिकणारी नात घरी आली होती. कार्यकारणभाव प्रयोगाने कसा पारखतात, हे ती मला सांगू लागली.

एकत्र जन्मलेले दोन प्रकाशकण दूरदूर नेऊन मोजले, तरी त्यांची उत्तरे परस्परांशी जुळतात. निघतानाच त्यांचे काही ठरले असेल काय? तसे असेल आणि दूरच्या मोजणीचा परिणाम इकडे होत नसेल, तर या जुळणीला एक मर्यादा पडते, हे जॉन बेल यांनी १९६४ साली गणिताने दाखविले. १९८२ मध्ये फ्रान्समधील आलँ आस्पे यांनी कण वाटेत असतानाच मोजणीची दिशा बदलण्याची सोय केली; तरीही ती मर्यादा ओलांडली गेली. अशा प्रयोगांसाठी आस्पे, जॉन क्लाउझर आणि आंतोन त्सायलिंगर यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

"आजी, आपल्या बिदरी कामात आधी काय करतात?" तिने विचारले. मी म्हटले, "जस्त-तांब्याच्या ओतीव भांड्यावर नक्षी कोरून तीत चांदी ठोकून बसवतात. मग किल्ल्यातली माती आणि नवसागर लावला की भांडे काळे होते, चांदी तेवढी शुभ्र राहते. क्रम उलटला तर नक्षी कोरताना काळा रंगच खरवडला जाईल."

"व्हिएन्नात एका प्रकाशकणावर दोन क्रिया केल्या," ती म्हणाली, "पण 'आधी ही, मग ती' आणि 'आधी ती, मग ही' असे दोन्ही क्रम तिथे एकत्र नांदत होते. कोणताही एकच क्रम धरून त्याचा उलगडा होत नाही, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षात आहे."

मी चपापले. आधी-नंतरचेच जर खरे नसेल, तर पायगुणाला खोटे तरी कसे म्हणावे? मनातले ते जुने शल्य मी प्रथमच कुणापुढे उघड केले.

नात हसली नाही. "आजी, ते नवल जिवापाड जपलेल्या एकेका कणाचे. विहिरीला साधी कसोटी पुरे. त्या वर्षी ज्या घरांत सून आली नव्हती, त्यांच्या विहिरींना पाणी होते का?"

कुठले पाणी! गावातील बहुतेक विहिरी आटल्या होत्या. सीमेपलीकडे अवघा मराठवाडा पोळला होता. हे मला तेव्हाही दिसत होतेच. पण एवढा सोपा प्रश्न ना कुणी मला विचारला, ना मी कुणाला.

परवा शेजारी नवी सून आली आणि आठवड्यात त्यांची म्हैस दगावली. ओट्यावर कुजबूज सुरू झाली. मी उठून गेले आणि म्हटले, "यंदा गावात आणखी कुणाकुणाच्या म्हशी दगावल्या, ते आधी मोजू या."

ओटा गप्प झाला. आत माजघराच्या दाराशी उभ्या असलेल्या त्या मुलीने हळूच मान वर केली.