रागाला खण कोणता?

संग्रह करणे सोपे. संग्रहातून हवे ते हवे तेव्हा हाती लागणे कठीण. ग्रंथपालांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मला मात्र ते गाण्यांनी शिकवले.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आकाशवाणीवरून आणि मैफलींतून टिपलेल्या ध्वनिफिती मी संगणकावर उतरवल्या, तेव्हा सहाशेंवर फाइली झाल्या. आता त्या लावायच्या कशा?

एमपीथ्री फाइलीच्या पोटातच गाण्याची माहिती लिहिण्याची सोय १९९६ साली निघाली. सारा संसार १२८ बाइटांचा! नाव, गायक, अल्बम आणि शेरा यांना प्रत्येकी ३०, वर्षाला ४, आणि प्रकाराला अवघा १. पुढे जागा पुष्कळ वाढली, पण मुख्य खण तेच राहिले. ते खण तीन-चार मिनिटांच्या गीतासाठी बेतलेले. आपल्या ख्यालाचा अल्बम कोणता? नाव रागाचे लिहावे की बंदिशीचे? तबल्याच्या साथीदाराने बसावे कुठे? शिवाय एका फाइलीत ‘मालकंस’ आणि दुसरीत ‘मालकौंस’ लिहिले, की संगणकाच्या लेखी ते दोन राग!

पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी रागांची दहा थाटांत मांडणी केली. तो मार्गही मी चोखाळून पाहिला. पण मारवा, पूरिया आणि सोहनी एकाच थाटातले. स्वर तेच, स्वभाव मात्र तिघांचे तीन. ज्याला सायंकाळी मारवा ऐकायचा आहे, त्याला उत्तररात्रीची सोहनी देऊन कसे चालेल?

शेवटी मी परक्या खणांत आपला संसार थाटला. ‘प्रकार’ या खणात राग, ‘अल्बम’मध्ये मैफलीचे स्थळ व साल, ‘शेऱ्या’त प्रहर, ताल आणि साथीदार. रागांची नावे एका वहीत एकाच पद्धतीने लिहून ठेवली. आता भीमपलास म्हटले की सगळे भीमपलास रांगेने उभे राहतात.

तरीही चाळीस-एक ध्वनिफितींवर काहीच लिहिलेले नव्हते. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांनी ध्वनिमुद्रण केले, तेव्हा गाणे संपताच त्या आपले नाव उच्चारीत. तबकड्या जर्मनीत तयार होत. तिथल्या लोकांना गायिका कळावी म्हणून, असे सांगतात. आमच्या ध्वनिफितींवर असे कोण बोलणार?

बोलतात ते अण्णाच. त्यांना आता ऐकू कमी येते. कानाला यंत्र लावून ते रोज रात्री एक फीत ऐकतात. राग क्षणात ओळखतात; तबल्यावर कोण होते, हे आठवायला वेळ लागतो. मी वाट पाहतो आणि लिहून घेतो. अजून सव्वीस उरल्या आहेत.

मित्रहो, फाइलीच्या दहा प्रती करता येतात. ऐकणाऱ्याच्या आठवणीची प्रत निघत नाही. आपल्या घरी अशा ध्वनिफिती असतील, तर त्या संगणकावर उतरवण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा. यंत्र उद्याही मिळेल.