करवंदीची जाळी आणि चिपमंक

दिवाळीच्या सुमाराला न्यू जर्सीतल्या आमच्या परसात चिपमंकची धांदल उडते. आपल्या खारीसारखाच पट्टेवाला प्राणी. गालांच्या पिशव्या फुगेपर्यंत ओकची फळं भरतो आणि बिळात नेऊन ठेवतो.

त्याला पाहिलं की कोकणातल्या घरामागची करवंदीची जाळी आठवते. तिचं सगळं उलटं. अंगभर काटे, फळ तोडलं की चीक. पण साठवण काही नाही. वैशाखात काळीभोर फळं लगडली की पोरं, पाखरं, गुराखी, कोणीही यावं, हात ओरबाडून घ्यावेत नि पोटभर खावं. आम्ही एकेक फोडून ‘कोंबडा की कोंबडी’ खेळायचो. आत लाल निघालं तर कोंबडा!

मी स्वतःला करवंदीच्या कुळातला समजत होतो, निघालो चिपमंक. आईच्या हातच्या करवंदाच्या लोणच्याची शेवटची बरणी मी तीन वर्षं फ्रिजमध्ये मागे दडवून ठेवली आहे. हात थरथरतात म्हणून आई आता लोणचं घालत नाही. परवा फोनवर कबूल केलं, तर म्हणाली, “अरे, खायला घातलं होतं, ठेवायला नव्हे.”

आणि चिपमंक तरी कुठे नुसता साठवतो? हिवाळ्यात दर थोड्या दिवसांनी उठतो, साठ्यातलं खातो, पुन्हा झोपतो. मीच तेवढा उठलो नव्हतो.

यंदा फराळाला या. बरणी उघडतोय.