पारदर्शक माणसांच्या गावी

ड्रेस्डेनला लोक जातात ते राजवाडे आणि चित्रे पाहायला. २०१८ च्या ऑक्टोबरात मी तिथे उतरलो आणि वाट धरली ती हायजीन म्यूझियमची. बरोबरचे स्नेही म्हणाले, "अहो, इतक्या लांब येऊन आरोग्यप्रदर्शन पाहणार?" त्यांना काय सांगावे! दादाच्या आजारपणापासून एक प्रश्न मनात घर करून बसला होता.

दादाच्या गाठीचा तुकडा तपासायला दिला, तेव्हा पहिला अहवाल आला, "काळजीचे कारण नाही." आम्ही पेढे वाटले. दोन महिन्यांनी त्याच तुकड्याचे आणखी खोलवरचे काप घेतले आणि रोग सापडला. चूक कुणाचीच नव्हती. चारपाच मायक्रॉन जाडीचे, म्हणजे केसाहूनही कितीतरी पातळ काप करतात आणि त्यांतले मोजकेच पाहतात. पोथीची चार पाने वाचून सगळी कथा सांगायची, तसलाच हा प्रकार. मग न चिरता सबंध तुकडाच आरपार पाहता येणार नाही का?

अर्धे उत्तर ड्रेस्डेनला मिळाले. १९११ साली इथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्यप्रदर्शनात लाइपझिगच्या वेर्नर श्पाल्टेहोल्ट्स यांच्या पद्धतीने पारदर्शक केलेले अवयव मांडले होते. युक्ती भज्यांच्या पुडीची! कागदाला तेल लागले की पलीकडचे दिसू लागते ना? पेशीतले निरनिराळे पदार्थ प्रकाशाला कमीअधिक वाकवतात, म्हणून मांस अपारदर्शक. त्यातले पाणी मद्यार्काने काढून विंटरग्रीनसारख्या तेलात ते मुरवले, की प्रकाश फारसा न अडखळता आरपार जातो. विंटरग्रीन म्हणजे मुरगळलेल्या पायाला चोळायच्या मलमाचा तो परिचित वास. १९३० मध्ये याच म्यूझियमने, अवयव उजळून दाखवणारी पारदर्शक मानवाकृती लोकांपुढे उभी केली. तशा आकृतीसमोर मी बराच वेळ उभा राहिलो.

उरलेले अर्धे उत्तर येना गावात. इथल्या नदीचे नाव 'झाले'! मराठी माणसाला वाटावे, काम आटोपले. याच गावी झाइस कारखान्यातल्या झीडेनटोप्फ यांनी झिग्मोंडी यांच्याबरोबर १९०२-०३ च्या सुमारास काचेतले सोन्याचे सूक्ष्म कण पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शकात बाजूने प्रकाश सोडला. कौलांतून आलेल्या कवडशात धुळीचे कण चमकतात, तसे ते कण चमकले.

या दोन युक्त्यांचे लग्न लागायला शतक जावे लागले. २००४ मध्ये हायडेलबर्गच्या शास्त्रज्ञांनी प्रकाशाचा पातळ पडदा माशाच्या गर्भातून फिरवला. २००७ मध्ये पारदर्शक केलेला उंदराचा सबंध मेंदू तसाच पाहिला गेला. सुरी न लावता, प्रकाशानेच काप! संगणक ते एकावर एक रचतो, आणि पेशी आपापल्या शेजाऱ्यांसह, घरादारासह दिसतात.

संध्याकाळी येनात अर्न्स्ट आबे यांच्या स्मारकापाशी गेलो. सूक्ष्मदर्शकाला किती बारीक दिसेल, याची मर्यादा सांगणारे त्यांचे सूत्र दगडावर कोरले आहे. ही नवी दृष्टी आज मुख्यतः संशोधनशाळांतच आहे. रुग्णालयांत अजून बहुतेक ठिकाणी पातळ कापांवरच निदान होते. दादाला तर तिचा उपयोग झालाच नाही. त्या दिवाळीत त्याची खुर्ची रिकामी होती.

परतताना पुलावरून नदी पाहिली. नाव 'झाले' असले, तरी ती वाहतच होती.